‘उरलेले रक्त नष्ट करण्यात येईल’ : साठवलेल्या नमुन्यांच्या पुनर्वापराचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

माणसांवरील संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या ज्या नैतिकता समितीपुढे हे प्रकरण आले, तिचा मी त्या काळात सदस्य-सचिव होतो. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील व आकडे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र घडली तशीच मांडली आहेत.

सदस्य-सचिवाचे काम बाहेरून कारकुनी वाटते. आलेल्या प्रस्तावाची कागदपत्रे तपासायची, राहिलेली मागवायची आणि प्रस्ताव पूर्ण बैठकीपुढे न्यायचा की एक-दोन सदस्यांकडून जलद छाननी करून निकाली काढायचा, हे ठरवायचे. या वर्गवारीतच कधी कधी अर्धा निकाल लागून गेलेला असतो. या प्रकरणात तो जवळजवळ लागलाच होता.

सात वर्षांपूर्वी याच संस्थेतील एका गटाने प्रौढांमधील रक्तक्षय आणि जीवनसत्त्वांची कमतरता यांचा अभ्यास केला होता. सुमारे सहाशे प्रौढांनी त्यासाठी प्रत्येकी दहा मिलिलिटर, म्हणजे साधारण दोन चमचे, रक्त दिले. चाचण्यांना त्यातले थोडेच लागले. उरलेल्या रक्तातील पेशी आणि रक्तद्रव वेगळे करून लहान कुप्यांत भरले गेले आणि त्या कुप्या उणे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या गेल्या. अभ्यास संपला, अंतिम अहवाल समितीकडे आला, समितीने तो स्वीकारून फाइल बंद केली. कुप्या जागच्या जागी राहिल्या.

त्या गटात तेव्हा कनिष्ठ असलेल्या एक संशोधक आता मुख्य संशोधक झाल्या होत्या आणि त्यांनी याच कुप्यांवर नवा अभ्यास करण्याचा प्रस्ताव पाठवला होता. विषय होता कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया. या आनुवंशिक विकारात रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल जन्मापासूनच वाढलेले असते, बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो आणि पहिले लक्षण कधी कधी ऐन उमेदीच्या वयात येणारा हृदयविकाराचा झटका हेच असते. साधारण २५० माणसांमागे एकाला हा विकार असतो आणि बहुतेकांना तो असल्याची कल्पनाही नसते. निदान झाले तर कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनसारख्या औषधांनी धोका बराच कमी करता येतो. शिवाय ज्याच्यात हा जनुकीय बदल सापडतो त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि अपत्यात तो असण्याची शक्यता पन्नास टक्के असते. संशोधनाचा प्रश्न खरा होता, उपयोगी होता आणि त्यासाठी कुणाला नव्याने सुई टोचावी लागणार नव्हती.

प्रस्ताव आला तेव्हा

प्रस्तावासोबतच्या पत्रात दोन विनंत्या होत्या. नमुने आधीच गोळा झालेले असून सहभागींना शारीरिक धोका नसल्यामुळे जलद छाननी व्हावी, ही पहिली. इतक्या वर्षांनी सहाशे लोकांना शोधून पुन्हा संमती घेणे व्यवहार्य नसल्यामुळे संमतीच्या अटीतून सूट मिळावी, ही दुसरी. कागदपत्रे पूर्ण होती. मी फाइलवर ‘जलद छाननी’ असे लिहिले आणि ती दोन सदस्यांकडे पाठवली. त्यांतील एक जनुकशास्त्राची जाण असलेले वैद्यकीय प्राध्यापक होते. दुसऱ्या सदस्य संस्थेबाहेरच्या, विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या, निवृत्त ग्रंथपाल होत्या.

प्राध्यापकांचे अनुकूल मत दोन दिवसांत आले. ग्रंथपालबाईंनी मत दिले नाही. जुन्या अभ्यासाचे संमतीपत्र मागवले. नव्या प्रस्तावाला ते जोडलेले नव्हते आणि ते जोडले पाहिजे हे माझ्याही लक्षात आले नव्हते. जुनी फाइल शोधून काढायला तीन दिवस लागले. संमतीपत्राची एक प्रत मी त्यांच्याकडे पाठवली, तेव्हा त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, की पानाच्या तळाशी ‘आवृत्ती १.२’ असे छापले आहे, तर मग १.० कुठे आहे.

समस्या

आवृत्ती १.० सापडली आणि प्रकरणाचे स्वरूप पालटले. तिच्या दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, साध्या भाषेत लिहिले होते : ‘तुमचे रक्त केवळ या अभ्यासासाठी वापरले जाईल. अभ्यास संपल्यावर उरलेले रक्त नष्ट करण्यात येईल.’ या आवृत्तीवर पहिल्या सुमारे दोनशे सहभागींनी सही केली होती.

त्यानंतर गटाने आराखड्यात दुरुस्ती मागितली होती आणि आमच्याच समितीने ती मंजूर केली होती. सुधारित १.२ मध्ये ती ओळ गेली आणि तिच्या जागी चौकट आली : पुढील आरोग्यविषयक संशोधनासाठी रक्त जपून ठेवण्यास मान्यता आहे का, ‘हो’ किंवा ‘नाही’. जुनी संमतीपत्रे एकेक उघडून पाहिली तेव्हा दिसले, की या दुसऱ्या गटातील सुमारे तीनशे जणांनी साठवणुकीला मान्यता दिली होती, चाळीसेक जणांनी नाकारली होती आणि उरलेल्यांनी दोन्ही चौकटी कोऱ्या सोडल्या होत्या. फ्रीझरमध्ये मात्र सगळ्यांच्याच कुप्या होत्या. ज्यांना नष्ट करण्याचे वचन दिले होते त्यांच्याही आणि ज्यांनी स्पष्ट नकार दिला होता त्यांच्याही.

यात कुणाचा लबाडीचा हेतू दिसला नाही. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाने सगळ्या कुप्या एकाच पद्धतीने ठेवल्या होत्या, कारण कोणत्या कुपीच्या मागे कोणते संमतीपत्र आहे हे त्याला कधी कळवलेच गेले नव्हते. पण दोष तिथेच थांबत नव्हता. जुन्या अभ्यासाच्या अंतिम अहवालात ‘उर्वरित नमुने साठवले आहेत’ असे एक वाक्य स्पष्ट होते. समितीने तो अहवाल बैठकीत ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून दाखल करून घेतला होता. ती बैठक माझ्या आधीची, तरी इतिवृत्त समितीचे होते. ज्या वचनाचा भंग झाला होता, त्या वचनावर संमतीपत्र मंजूर केल्याचा आमचा शिक्का होता.

तेव्हा समितीपुढे दोन प्रश्न उभे राहिले. नव्या अभ्यासाला परवानगी द्यायची का, हा प्रस्तावातला प्रश्न होता. झालेल्या वचनभंगाचे काय करायचे, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि तो आमच्यावर उलटणारा होता.

पर्यायांचा विचार

जलद छाननीचा शेरा मी मागे घेतला आणि प्रस्ताव पूर्ण बैठकीपुढे ठेवला. आमच्या जीवरसायनशास्त्राच्या सदस्यांचे नाव जुन्या अभ्यासाच्या सहसंशोधकांत होते. त्यांनी माहिती विचारली तेवढी दिली आणि चर्चा सुरू होण्यापूर्वी ते खोलीबाहेर गेले. ते गेल्यावर गणपूर्ती राहते का, हे पाहणे माझे काम होते. ती राहत होती. जनुकीय समुपदेशनाचा अनुभव असलेल्या एका बाहेरच्या तज्ज्ञांना मताधिकाराशिवाय निमंत्रित केले. मुख्य संशोधकांनी सादरीकरण केले, प्रश्नांची उत्तरे दिली आणि त्याही बाहेर गेल्या.

पहिला पर्याय सूट देण्याचा होता. त्याला आधार नव्हता असे नाही. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा, जो १९६४ मध्ये प्रथम स्वीकारला गेला आणि ज्याची ताजी सुधारणा २०२४ ची आहे, ओळख पटू शकेल अशा नमुन्यांसाठी संमती आवश्यक मानतो, पण ती मिळवणे अशक्य किंवा अव्यवहार्य असेल तेव्हा समितीच्या विचारान्ती अपवाद करू देतो. सिऑम्स या आंतरराष्ट्रीय संस्थेची आरोग्यविषयक संशोधनासाठीची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे सुटीसाठी तीन अटी घालतात : सुटीशिवाय संशोधन व्यवहार्य नसावे, त्याचे सामाजिक मूल्य महत्त्वाचे असावे आणि सहभागींना किमान धोक्यापलीकडे धोका नसावा. दुसरी अट इथे सहज पुरी होत होती. पहिलीवर आमच्या कायद्याच्या सदस्यांनी बोट ठेवले. पत्ते आणि फोन क्रमांक फाइलमध्ये आहेत, कुणालाही अद्याप एकदाही फोन केलेला नाही, मग अव्यवहार्य ठरवले कशाच्या बळावर? कष्टाचे असणे म्हणजे अव्यवहार्य असणे नव्हे, एवढा त्यांचा मुद्दा होता आणि त्याला उत्तर नव्हते. शिवाय ही तत्त्वे जिथे संमती घेतलीच नव्हती अशा शिल्लक नमुन्यांचा मुख्यतः विचार करतात. आमच्याकडे संमती घेतली होती आणि तिच्यात नेमके उलटे लिहिले होते. मौनाला सूट देता येते. दिलेल्या शब्दाला देता येते का, याविषयी बैठकीत मतभेद झाले. मला स्वतःला ती देता येत नाही असे वाटते, विशेषतः ज्यांनी ‘नाही’वर खूण केली होती त्यांच्याबाबत.

दुसरा पर्याय संख्याशास्त्राच्या सदस्यांनी मांडला आणि तो प्रथमदर्शनी फार सोयीचा होता. सांकेतिक क्रमांक आणि नावे यांना जोडणारी यादी कायमची नष्ट करावी, म्हणजे नमुने निनावी होतील आणि कुणाचे खाजगीपण धोक्यात येणार नाही. यावर निमंत्रित तज्ज्ञांनी दोन गोष्टी सांगितल्या. जनुकीय माहिती पूर्णपणे निनावी होते हे गृहीत धरू नये. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी निनावी जनुकीय माहितीवरून, फक्त इंटरनेटवर खुल्या असलेल्या वंशावळींच्या आधारे, काही सहभागींची आडनावे शोधून दाखवली होती. दुसरी गोष्ट त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवली. २५० मागे एक धरले तर सहाशेंत दोन किंवा तीन माणसे निघतील. यादी नष्ट केली तर प्रयोगशाळेला कळेल की अशी दोन-तीन माणसे आहेत, त्यांना झटका टाळता येण्यासारखा आहे, आणि ती कोण हे जगात कुणालाच सांगता येणार नाही. कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियाशी संबंधित जनुके ही, अनपेक्षितपणे सापडली तरी रुग्णाला कळवावीत, अशा जनुकांच्या २०१३ च्या अमेरिकी यादीत सुरुवातीपासून आहेत. निनावी करणे म्हणजे सहभागीचे संरक्षण, हे समीकरण इथे उलटे पडत होते. त्या उपायाने खरे संरक्षण संस्थेला मिळाले असते.

प्रस्ताव फेटाळून सगळे नमुने नष्ट करावेत, असा तिसरा पर्याय एका सदस्याने मांडला. वचन पाळण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग दिसत होता. पण तीनशे जणांनी स्वखुशीने ‘हो’ म्हटले होते. त्यांनी रक्त उपयोगी पडावे म्हणून दिले होते आणि इतरांच्या बाबतीत झालेल्या चुकीसाठी त्यांचा शब्द वाया घालवणे न्याय्य वाटले नाही.

उरला सर्वांशी पुन्हा संपर्क साधण्याचा पर्याय. तो निर्दोष नव्हता. सात वर्षांनी आलेल्या फोनने माणूस धास्तावतो. आपल्या रक्तात काही निघाले असावे असेच त्याला वाटते. संख्याशास्त्राच्या सदस्यांची हरकत वेगळी आणि बरोबर होती. जे उत्तर देतील ते सगळ्यांचे प्रतिनिधित्व करणार नाहीत. विकाराचे प्रमाण मोजणे हा अभ्यासाचा मुख्य हेतू असेल तर गळती होऊन उरलेला असा गट त्याला निकामी करेल, आणि ज्या अभ्यासातून निष्कर्ष निघणार नाही तो करणेही नैतिक नव्हे.

चर्चेत अमेरिकेतील हवासुपाई जमातीच्या प्रकरणाचा उल्लेख झाला. १९९० च्या सुमारास मधुमेहावरील संशोधनासाठी म्हणून घेतलेले त्यांचे रक्त पुढे स्किझोफ्रेनिया आणि स्थलांतर यांसारख्या विषयांवरील संशोधनात वापरले गेले, २००४ मध्ये खटला झाला आणि २०१० मध्ये संबंधित विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन आणि उरलेले नमुने परत करून तडजोड केली. कायद्याच्या सदस्यांनी ते उदाहरण तडजोडीच्या रकमेसाठी दिले असावे. ग्रंथपालबाईंनी त्यातला दुसरा भाग उचलला : नमुने परत केले गेले, म्हणजे ते कुणाचे तरी होते.

निर्णय

दोन बैठकांनंतर समितीने सर्व नमुन्यांना एकच नियम न लावता संमतीपत्रानुसार वेगवेगळे निर्णय घेतले.

ज्यांनी साठवणुकीला स्पष्ट ‘नाही’ म्हटले होते, त्यांच्या कुप्या विनाविलंब नष्ट करायच्या आणि त्यांना तसे कळवायचे. कोरी चौकट म्हणजे नकार समजायचा. यावर थोडा वाद झाला, कारण माणूस घाईत खूण करायला विसरू शकतो. पण विसरण्याचा फायदा संशोधकाला मिळू नये, यावर एकमत झाले. या गटाशी संपर्क साधून एकदा विचारता येईल. उत्तर न आल्यास कुप्या नष्ट करायच्या.

आवृत्ती १.० च्या दोनशे जणांबाबत सर्वाधिक वेळ गेला. नष्ट करण्याचे वचन दिलेल्या माणसाला ‘वापरू का’ असे विचारणे हीच मुळात वचनातून पळवाट आहे, असे एक मत होते. दुसरे मत असे, की वचनातून मोकळे करण्याचा अधिकार ज्याला ते दिले त्याला असतो आणि परस्पर नष्ट करून टाकले तर चूक कधी घडलीच नाही असा देखावा होईल. दुसरे मत मान्य झाले, पण एका अटीवर : पत्राची सुरुवात विनंतीने न होता कबुलीने व्हावी. तुमचे रक्त नष्ट करू असे आम्ही सांगितले होते, ते केले गेले नाही, याबद्दल संस्था दिलगीर आहे. आणि त्यानंतरच, आता ते नष्ट करावे की या अभ्यासाला द्यावे. उत्तर न आल्यास नष्ट.

‘हो’ म्हणणाऱ्यांच्या संमतीत ‘आरोग्यविषयक संशोधन’ असे शब्द होते, जनुकांचा उल्लेख नव्हता. त्यांना नव्या अभ्यासाची माहिती पाठवावी, ठरावीक मुदतीत हरकत न आल्यास नमुने वापरावेत, आणि निष्कर्ष कळवावेत की नाही हे मात्र प्रत्येकाकडून स्पष्टपणे विचारून घ्यावे. ज्यांच्याकडून त्याचे उत्तर येणार नाही त्यांचे नमुने वापरू नयेत, असे ठरले. अभ्यासाचा मुख्य हेतू प्रमाण मोजणे हा न ठेवता साठवलेल्या नमुन्यांतून हा विकार हुडकता येतो का एवढाच ठेवावा, ही संख्याशास्त्राच्या सदस्यांची अट संशोधकांनी स्वीकारली. तरीही त्या सदस्यांनी आपले विरोधी मत इतिवृत्तात नोंदवले आणि ते कारणांसह शब्दशः नोंदवले गेले.

अंमलबजावणी

पत्राचा पहिला मसुदा चार पानी होता. ग्रंथपालबाईंनी तो दीड पानावर आणला. लिफाफ्यावर विकाराचा किंवा जनुकशास्त्राचा उल्लेख असू नये, फोन सहभागीनेच उचलला याची खात्री झाल्याशिवाय अभ्यासाचे नावही घेऊ नये, घरातल्या दुसऱ्या कुणाकडे निरोप ठेवू नये आणि दोनदा प्रयत्न करून माणूस मिळाला नाही तर तिसऱ्यांदा मागे लागू नये, असे फोन करणाऱ्यांसाठी लिहून दिले. पहिलेच वाक्य ‘तुमच्या तब्येतीविषयी काही वाईट कळवण्यासाठी हा फोन नाही’ असे असावे, ही सूचना निमंत्रित तज्ज्ञांची होती आणि तिचा उपयोग झाला.

कुप्यांची मोजदाद करण्यासाठी मी स्वतः एका सकाळी प्रयोगशाळेत गेलो. तंत्रज्ञाने जाड हातमोजे घालून फ्रीझरचे दार उघडले, एकेक पेटी बाहेर काढली, वरचा बर्फाचा थर बोटाने पुसून क्रमांक वाचला आणि कुप्या वितळू नयेत म्हणून लगेच आत ठेवली. सोळा कुप्यांवरची चिकटपट्टी गळून पेटीच्या तळाशी पडलेली होती. कोणती पट्टी कोणत्या कुपीची, हे आता ठरवता येणार नव्हते. त्या सोळांना संमती नाही असे धरले आणि नष्ट करायच्या यादीत घातले. नष्ट करण्याची नोंदवही ठेवली, प्रत्येक ओळीवर दोघांच्या सह्या घेतल्या, त्यांतली एक प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाची.

सगळ्याला सात महिने लागले. संशोधकांच्या अनुदानाची मुदत त्यात बरीच सरली आणि त्यांनी समितीला एक तिखट पत्र लिहिले. त्यांचा राग मला रास्त वाटला. सात वर्षांपूर्वीच्या चुकीचा भुर्दंड, ती चूक करण्याच्या अधिकारात तेव्हा नसलेल्या माणसाला भरावा लागत होता.

परिणाम

आवृत्ती १.० च्या गटातील निम्म्याहून थोडे अधिक लोक सापडले. सापडलेल्यांपैकी बहुतेकांनी नमुने वापरायला परवानगी दिली, म्हणजे मूळ प्रस्तावातला ‘हे लोक मिळणार नाहीत’ हा अंदाज आणि बैठकीतली ‘हे लोक संतापतील’ ही भीती, दोन्ही बऱ्याच अंशी खोट्या ठरल्या. थोडेजण चिडले. त्यांतल्या एकाचे म्हणणे मी नोंदवून ठेवले आहे : रक्त वापरल्याचे त्याला काही वाटले नसते, नष्ट केले असे समजून तो सात वर्षे निश्चिंत राहिला याचे वाटत होते. त्याच्या कुप्या त्याच आठवड्यात नष्ट केल्या आणि नोंदवहीतील त्या ओळीची प्रत त्याला पाठवली.

गाळणी होऊन चारशेहून काही कमी नमुने तपासणीला गेले. दोन नमुन्यांत विकारास कारण ठरणारा बदल सापडला. संशोधनाच्या प्रयोगशाळेतील निष्कर्ष निदान म्हणून कळवता येत नाही; ताजे रक्त घेऊन रुग्णालयीन प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी लागते. पहिल्या व्यक्तीने ‘निष्कर्ष कळवा’ असे लिहिले होते. तिला समुपदेशकाने बोलावले, खात्रीची चाचणी झाली, उपचार सुरू झाले आणि पुढे तिच्या एका भावातही तोच बदल निघाला.

दुसऱ्या व्यक्तीने ‘कळवू नका’वर खूण केली होती.

मुख्य संशोधकांनी समितीकडे अपवाद मागितला. त्यांचे पत्र या वेळी तिखट नव्हते. उपचार उपलब्ध आहे, विकार गंभीर आहे, त्या व्यक्तीला मुले असल्याची नोंद आहे. खूण करताना तिला हे ठाऊक नव्हते. समितीत मत दुभंगले. नष्ट करण्याच्या वचनाबाबत आपण महिनोन् महिने काटेकोर राहिलो आणि पहिल्या अडचणीला दुसरे वचन मोडणार असू, तर त्या काटेकोरपणाला अर्थ काय, असे काहींनी विचारले. औषधाने टळणारा मृत्यू आणि कागदावरची एक खूण यांना एकाच तराजूत कसे घालता, असे इतरांनी. थोड्या मताधिक्याने अपवाद नाकारला गेला. मी नाकारण्याच्या बाजूने मत दिले. ते बरोबर होते याची मला आजही पुरती खात्री नाही.

काय वेगळे करता आले असते

जलद छाननीचा माझा शेरा ही उघड चूक होती. साठवलेल्या नमुन्यांवरील प्रत्येक प्रस्तावाला मूळ संमतीपत्राच्या सर्व आवृत्त्या जोडलेल्या असल्याशिवाय तो आता नोंदवूनच घेतला जात नाही. अभ्यास बंद करण्याच्या अर्जातही एक रकाना वाढवला आहे : शिल्लक नमुने किती, कुठे आणि कोणत्या आवृत्तीच्या संमतीवर. रकाना कोरा असेल तर फाइल बंद होत नाही. तंत्रज्ञाला संमतीचा प्रकार कळावा म्हणून कुप्यांच्या झाकणांचे रंग वेगळे ठेवण्याची साधी युक्ती प्रयोगशाळेने स्वतःच काढली. ती आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती.

त्याहून मोठी चूक आम्ही पत्रात केली आणि ती उशिरा दिसली. निष्कर्षांविषयीचा प्रश्न आम्ही एकाच वाक्यात विचारला होता : ‘या अभ्यासातून तुमच्याविषयी काही आढळल्यास ते कळवावे का?’ दीड पानात बसवण्याच्या नादात त्यातले ‘काही’ तसेच राहिले. ज्यावर उपाय आहे असे आढळले तर, ज्यावर नाही असे आढळले तर, आणि ज्याचा परिणाम मुलांवर होऊ शकतो असे आढळले तर, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकाच माणसाची वेगवेगळी असू शकतात. ‘कळवू नका’वर खूण करणाऱ्या व्यक्तीने यांतल्या नेमक्या कशाला नकार दिला होता, ते त्या खुणेवरून सांगता येत नाही. अपवाद नाकारताना तिची इच्छा पाळत आहोत असे आम्ही म्हणालो. तिची इच्छा काय आहे हे नीट विचारलेच नव्हते.

तिला एकटीलाच पुन्हा विचारणे शक्य नव्हते, कारण असे पत्र येणे हेच उत्तर ठरले असते. तेव्हा, निष्कर्ष हवे असोत वा नसोत, ज्यांचे नमुने वापरले त्या सर्वांना एकच नवे पत्र पाठवावे, त्यात तीनही प्रश्न वेगळे विचारावेत आणि आधीची निवड बदलण्याची मुभा आहे हे स्पष्ट लिहावे, असे समितीने ठरवले. या वेळी पत्र दोन पानांचे झाले आणि ग्रंथपालबाईंनी त्यातले एकही वाक्य गाळले नाही. सांकेतिक क्रमांकांची यादी उत्तरांची मुदत संपेपर्यंत जपून ठेवायची आहे. उत्तरे येत आहेत. काहींनी निवड बदलली आहे. त्या एका क्रमांकापुढची जागा मी हे लिहीपर्यंत कोरी आहे.